उठून दिसायचंय? मग आधी वाका!

व्हॉलीबॉल हा मोठा संशयी खेळ आहे. एका माणसाकडे चेंडू जरा जास्त वेळ राहिला की त्याच्या डोक्यात हवा जाते, याची पुरेपूर खात्री असलेल्या कुणीतरी त्याचे नियम लिहिले असावेत. चेंडू धरायचा नाही. सलग दोनदा हात लावायचा नाही. सहा जणांनी मिळून तीन हातांत काय ते उरकायचं आणि चेंडू पलीकडे धाडायचा. नेटपाशी समोरचा फटका अडवताना होणारा ब्लॉकचा स्पर्श तेवढा मोजत नाहीत, बाकी पै-पैचा हिशेब. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज दिवसभर खेळपट्टीवर ठाण मांडून बाकीच्यांना तंबूत डुलक्या काढायला मोकळं ठेवतो. कबड्डीत एकटा चढाईला गेलेला गडी अर्धा संघ बाद करून परत येतो. व्हॉलीबॉलमध्ये एकट्यानं करण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सर्व्हिस. आणि निवड चाचणीत तीसुद्धा नेटमध्ये जाते.

असं असूनही या खेळाच्या निवड चाचणीला येणारा प्रत्येक पोरगा एकट्यानं उठून दिसायचं ठरवूनच घरून निघतो. त्यामुळे चाचणी बघण्यात सामन्यापेक्षा जास्त मजा असते. सामन्यात बारा माणसं दोन बाजूंनी खेळतात. चाचणीत बारा माणसं बारा बाजूंनी खेळतात.

आमच्या गॅलरीसमोरच मैदान आहे. शाळा-कॉलेजच्या खेळांचा हंगाम नेमका पावसाळ्यात येतो, त्यामुळे रात्री पाऊस, सकाळी उघडीप आणि मैदानात चिखल असा मुहूर्त ठरलेला. मुलांना सकाळी सातची वेळ दिलेली असते. साडेआठला फक्की येते. नऊला फक्की मारणारा येतो. तोवर मुलं टेबलाभोवती जन्मदाखला, आधार कार्ड, बोनाफाईड आणि दोन फोटो घेऊन उभी असतात. ‘१७ वर्षांखालील’ अशी पाटी लावलेल्या रांगेत काही चेहरे असे भारदस्त असतात की त्यांच्यापुढे टेबलामागचे सरच त्या गटातले वाटावेत. एकाला मी त्याच्याच गटातल्या दुसऱ्या मुलानं ‘काका, रांग इथूनच का?’ असं विचारताना ऐकलं आहे. ‘काकां’नी उत्तर दिलं नाही, मिशीवरून हात मात्र फिरवला.

मग उंची मोजतात. या वेळी सगळा जिल्हा चवड्यांवर उभा असतो, म्हणून एक सर खाली वाकून फक्त टाचांवर नजर ठेवतात. त्यानंतर बोटाला खडू लावून भिंतीपाशी उडी मारायची आणि जिथवर हात पोहोचेल तिथं खूण करायची. पुरुषांच्या खेळात नेट २.४३ मीटरवर असतं आणि महिलांच्या २.२४ मीटरवर, त्यामुळे ही खूण म्हणजे अर्धी कुंडलीच. खूण पुसून परत उडी मारू देण्याची विनंती प्रत्येक जण करतो. ‘सर, पाय घसरला.’ भिंतीपाशी सिमेंटचा कोबा असतो, पण पाय घसरतो.

या खेळाचा जनक विल्यम मॉर्गन हे बघता तर चक्रावला असता. अमेरिकेतल्या होल्योक गावी वायएमसीएत १८९५ साली त्यानं हा खेळ काढला तो मध्यमवयीन व्यापारी मंडळींसाठी. बास्केटबॉल नुकताच निघाला होता आणि तो या मंडळींना फार धसमुसळा वाटायचा. धक्काबुक्की नको, अंगाला अंग लागायला नको, हातपाय तर हलले पाहिजेत, अशी मागणी होती. मॉर्गननं साडेसहा फुटांवर जाळी बांधली, दोन्हीकडे सभ्य गृहस्थ उभे केले आणि खेळाला ‘मिंटोनेट’ असं नाजूक नाव दिलं. पुढच्याच वर्षी ते नाव जाऊन व्हॉलीबॉल आलं, तेव्हाच नाजूकपणाही गेला असणार. समोरच्याशी हातघाई होऊ नये म्हणून मॉर्गननं मध्ये जाळी बांधली, हे ठीकच झालं. पण जाळीच्या एकाच बाजूला उभ्या असलेल्या सहा जणांच्या भांडणाची काहीच व्यवस्था त्यानं केली नाही.

आणि चाचणीत हे सहा जण एकमेकांना ओळखतही नसतात. सर यादीतले आकडे वाचतात, सहा आकडे इकडे आणि सहा आकडे तिकडे. नाव विचारायचं कुणाच्या मनात येत नाही, कारण शेजारचा हा सोबती नसून स्पर्धक आहे, हे घरून सांगून पाठवलेलं असतं. मग हाका टी-शर्टवरून मारल्या जातात. ‘ए रोनाल्डो, मागे हो!’ ‘मेस्सी, बॉल सोड!’ ‘अरे कोहली, नेटला हात लावू नको रे!’ जगातले सगळे महान खेळाडू एका बाजूला घेऊनही हा संघ पहिले पाच गुण सर्व्हिसवरच देऊन बसतो.

या मंडळींत काही नमुने दर वर्षी न चुकता येतात. पहिला मान स्मॅशवाल्याचा. त्याला फक्त स्मॅश मारायचा असतो. सर्व्हिस कुणीही घ्यावी, बॉल कुणीही उचलावा, चेंडू त्याच्यासाठी बरोबर हवेत लोंबकळत राहावा आणि त्यानं चार पावलं धावत येऊन तो हाणावा, अशी त्याची जगाकडून माफक अपेक्षा. हाणलेला चेंडू मैदानाबाहेरच्या चिंचेपर्यंत गेला तरी त्याचा चेहरा पडत नाही. तो वळून हाताकडे बघतो, मग चेंडू वर उचलून देणाऱ्या सेटरकडे बघतो आणि मान हलवतो. म्हणजे चूक सेटरची. चेंडू आत पडला तर मात्र तो सेटरकडे बघत नाही, थेट निवड समितीकडे बघतो. समितीतले सर त्या वेळी चहात बिस्किट बुडवत असतात.

या स्मॅशवाल्याला वठणीवर आणायची सोय खेळातच आहे. सर्व्हिस आपल्याकडे आली की सहाही जणांनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक जागा सरकायचं. पुढच्या रांगेतल्या राजाचीही बदली मागच्या रांगेत होते. तिथून स्मॅश मारायचाच तर तीन मीटरच्या रेषेमागून उडी घ्यावी लागते. बदली झालेला स्मॅशवाला मागे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहतो. चेंडू शेजारी येऊन पडला तरी तो त्याच्याकडे परक्या खात्याच्या फायलीसारखा बघतो. चेंडू उचलणं हे आपल्या टेबलाचं काम नव्हे. आमच्या मैदानावरच्या एका वयस्क प्रशिक्षकांचं निदान असं, की मुलाचा खेळ पुढच्या रांगेत दिसतो आणि स्वभाव मागच्या रांगेत. ते पेन्सिल उचलतात ती गडी मागे गेल्यावरच.

दुसरा नमुना मार्गदर्शकाचा. हा स्वतः फारसा हलत नाही, बाकीच्या पाच जणांना हलवतो. ‘तू इकडे ये, तू तिकडे जा, वाक, उठ, बघ, आता बघ!’ त्याच्या अंगावर चेंडू आला की तो तेवढ्यापुरता बोलायचा थांबतो, चेंडू खाली पडतो आणि तो परत सुरू होतो. ‘बघितलंस? म्हणून सांगत होतो.’ तिसरा ‘सॉरी’वाला. हा इतका गोड की प्रत्येक चुकीला छातीवर हात ठेवून पाचही जणांची वेगवेगळी माफी मागतो. पाचव्याची माफी मागून होईतो पुढची सर्व्हिस त्याच्या खांद्यावरून मागे पडलेली असते. मग पुन्हा पाच माफ्या. चौथा सगळ्या साहित्यानिशी येतो. गुडघ्याला पॅड, कोपराला पॅड, मनगटाला पट्टा, बोटांना चिकटपट्टी. त्याला बघून समोरचा संघ दचकतो. पहिल्या चेंडूनंतर सावरतो.

या सगळ्यांना धरून खेळ चालतो तो ‘माझा!’ या आरोळीवर. चेंडू येताना ज्याला तो घ्यायचाय त्यानं मोठ्यानं ‘माझा!’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, इतकी साधी रीत. चाचणीत तिची दोन टोकं दिसतात. समिती बघत असली की एका चेंडूवर चार ‘माझा!’ येतात आणि चार डोकी एकमेकांवर आपटतात. चेंडू अवघड असला की तेच चौघं एकाएकी उदार होतात. ‘तुझा!’ ‘नाही, तुझा!’ ‘अरे, तुझाच!’ आणि दोघांच्या बरोबर मध्ये, कुणाचाच नसलेला चेंडू, २६० ते २८० ग्रॅम वजनाचा, धप्पकन चिखलात बसतो. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत चांगला तुकडा आणि खडकाळ तुकडा यांवरून चालणारं सगळं राजकारण तुम्हाला इथं दोन सेकंदांत बघायला मिळतं, वकिलाशिवाय.

पुढं त्या पडलेल्या चेंडूचं काय होतं, हेही पाहण्यासारखं. कुणीतरी तो पायानं उडवतो. प्रशिक्षकाचा आवाज चढतो. ‘पाय नको लावू! हा फुटबॉल नाही!’ यावर एखादा अभ्यासू पोरगा असतोच. ‘पण सर, आता नियमात पाय चालतो.’ तो खरंच बोलतो. नव्वदच्या दशकात नियम बदलला आणि खेळताना पाय लागला तरी चालू लागला. सर त्याच्याकडे शांतपणे बघतात आणि म्हणतात, ‘बाळ, नियमात चालतो, माझ्या मैदानात चालत नाही.’ चेंडू हातानं उचलून, नेटखालून समोरच्याकडे सरळ लोटायचा, इतकं जो करतो त्याच्या आकड्यापुढं कुठंतरी एक बारीक टिंब पडतं. ते त्याला कधीच कळत नाही.

कडेला बसलेल्या माजी खेळाडूंशिवाय चाचणी पुरी होत नाही. त्यांचं खरं दुःख १९९८-९९ पासूनचं. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय खेळात प्रत्येक चेंडूला गुण मिळू लागला आणि सेट २५ वर आला, पाचवा तेवढा १५ वर. ‘आमच्या वेळी सर्व्हिस हातात असली तरच गुण. एकेक सेट असा चालायचा की म्हशींच्या धारा काढून परत यावं तरी आकडा तोच!’ हे ऐकायला पोरांना वेळ नसतो, पण यात त्यांच्या कामाचं बरंच आहे. पूर्वी सर्व्हिस वाया गेली तर नुसती सर्व्हिस जायची, आता गुण जातो. तरी चाचणीतली पोरं पहिली सर्व्हिस बंदुकीतून सोडल्यासारखी सोडतात, कारण दिसायला ती फार देखणी असते. साधी, आत पडणारी सर्व्हिस करणाऱ्याकडे बघून कडेची आई नवऱ्याला म्हणते, ‘आपला बघा ना, किती हळू मारतो!’ नवरा तिला समजावायला जातो आणि सर्व्हिसइतक्याच हळू आवाजात गप्प बसतो.

आता गंमत बघा. व्हॉलीबॉलमध्ये नियमानंच उठून दिसणारा एक खेळाडू असतो. सगळ्या संघाचा रंग एक, त्याचा शर्ट वेगळ्या रंगाचा. त्याचं नाव लिबेरो. आंतरराष्ट्रीय खेळात तो १९९८ च्या सुमारास आला. हे वाचून उठून दिसायची हौस असलेल्या प्रत्येक पोरानं खरं तर लिबेरोच्या रांगेत धावत जायला हवं. पण त्या रांगेत कुणीच नसतं. कारण लिबेरोनं आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सर्व्हिस करायची नाही, ब्लॉकला जायचं नाही, नेटच्या वर असलेल्या चेंडूवर हल्ला करायचा नाही. त्यानं मागच्या रांगेत गुडघ्यांत वाकून समोरच्यानं हाणलेले चेंडू अंगावर घ्यायचे आणि सेटरच्या हातात नीट पोहोचवायचे. म्हणजे संघात सगळ्यांत झगझगीत शर्ट ज्याच्या अंगावर, त्याचं सगळं काम दुसऱ्याला चेंडू नेऊन देण्याचं. चाचणीला साडेपाच फुटांचा पोरगाही छाती फुगवून सांगतो, ‘सर, मी स्मॅशर.’ सर विचारतात, ‘लिबेरो होशील?’ पोराचा चेहरा असा होतो जसं काही त्याला मुलगी बघायला नेऊन तिच्या घरी पाणी भरायला लावलंय.

सेटरचं तर त्याहून अवघड. तीनातला मधला हात बहुतेक वेळा त्याचा. संघात चेंडूला सगळ्यांत जास्त वेळा स्पर्श तो करतो, आणि फोटोत सगळ्यांत कमी वेळा तो येतो. कारण फोटो स्मॅशचा काढतात, आणि त्या क्षणी सेटर फ्रेमच्या कडेला अर्धा कापलेला, वर बघत उभा असतो. वाईट आलेला चेंडू त्यानं चांगला करून द्यायचा आणि चांगला करून दिलेला चेंडू स्मॅशरनं बाहेर मारला तर ‘माझा जरा खाली झाला’ असं स्वतःच म्हणायचं. हा एवढा मोठा मनाचा माणूस चाचणीच्या दीड तासात ओळखायचा कसा? समितीतल्या एका बाईंनी मला युक्ती सांगितली. ‘आम्ही सेटर बघत नाही. कुणाशेजारी उभं राहिल्यावर बाकीचे पाच बरे खेळायला लागतात, ते बघतो.’

कव्हर नावाचा एक प्रकार आहे, तो तर बिचारा कुणालाच दिसत नाही. आपला स्मॅशर उडी मारतो तेव्हा बाकीच्यांनी त्याच्याभोवती खाली वाकून उभं राहायचं, कारण समोरच्या ब्लॉकला लागून चेंडू आपल्याच पायाशी परत येऊ शकतो. लोक उडी मारणाऱ्याला बघतात. वाकलेल्यांना फक्त समिती बघते. मैदानावर दिवसभर एकच आरोळी घुमत असते. ‘खाली वाक! गुडघ्यांत वाक!’ शंभर पोरांतली नव्वद तरी ती दुसऱ्याला उद्देशून आहे असं समजतात.

वाकून कुठवर जाता येतं, याचा दाखला टोकियोला मिळाला. १९६४ साली ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला आणि महिलांचं सुवर्ण जपाननं सोव्हिएत संघाला हरवून जिंकलं. त्या संघातल्या बहुतेक जणी निचिबो कायझुका या एकाच कापडगिरणीच्या संघातून आलेल्या, प्रशिक्षक हिरोबुमी दायमात्सु. या संघाचं नाव झालं ते जमिनीवर सूर मारून चेंडू उचलायचा आणि त्याच झटक्यात लोळण घेऊन पुन्हा पायावर उभं राहायचं, या कसबासाठी. आमच्याकडे लोळण सगळ्यांना येते. परत उभं राहायच्या बाबतीत मात्र पोरं समिती बघतेय की नाही याची आधी खात्री करून घेतात. कुणी बघत असेल तर गुडघा धरून अजून थोडं लोळतात.

आणि संघभावना जन्मजातच हवी असेल तर केरळातल्या जिमी जॉर्जच्या घरी जन्म घ्यावा. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत भारतानं कांस्यपदक मिळवलं त्या संघातला हा दिग्गज, इटलीत व्यावसायिक खेळ खेळलेला. हे आठ भाऊ, आणि आठही व्हॉलीबॉल खेळणारे. म्हणजे सहा जण मैदानात आणि दोन राखीव, घरातल्या घरात. तिथं निवड चाचणी घेतलीच असेल तर ती आईनं, जेवायच्या पंगतीत.

आपल्या पोरांना मात्र बारा जणांच्या यादीत शिरायचं असतं, आणि त्या यादीमागं बरंच काही असतं. दहावीला खेळाचे वाढीव गुण असतात, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असतं. त्यामुळे कडेला बसलेल्या बापाच्या डोळ्यांपुढं चेंडू नसतो, पोलीस भरती असते. तो सरांना बाजूला घेऊन म्हणतो, ‘सर, जरा बघा आमच्याकडं.’ सर म्हणतात, ‘अहो, सकाळपासून तेच करतोय.’ यात सरांनी होकारही दिलेला नसतो आणि नकारही. हीसुद्धा एक सर्व्हिस आहे, हळू आणि आत पडणारी.

दुपारी मुलींची चाचणी होते तेव्हा आवाजाचा पोत बदलतो. तिथंही स्मॅशवाल्या असतात, मार्गदर्शिका तर जरा जास्तच. पण कुणाचा केसांचा रबर तुटतो, दुसरी आपल्या मनगटातला काढून देते, आणि त्या निमित्तानं नाव, गाव, शाळा, कुठल्या एसटीनं आलीस, परत कशी जाणार, हे सगळं पहिल्या सर्व्हिसच्या आत उरकतं. मग ‘ए निळा टी-शर्ट’ अशी हाक मारायची पाळी येत नाही, आणि दोघींच्या मध्ये पडणारे चेंडू निम्म्यावर येतात. गुण गेला तरी सहाही जणी मध्ये येऊन हातावर हात मारून जागेवर जातात. मुलांना हे करायला कुणीतरी ओरडून सांगावं लागतं, आणि करताना ते एकमेकांकडे न बघता करतात.

संध्याकाळी यादी लागते. यादीत नाव नसलेला प्रत्येक जण ‘वशिला’ हा शब्द उच्चारतो. वशिला चालतच नाही असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण दर वर्षी यादीत दोन-तीन नावं अशी असतात की कडेच्या सगळ्यांना प्रश्न पडतो, ‘हा कोण? हा कधी खेळला?’ तो दिवसभर खेळत होता. नेटची दोरी सैल झाली तेव्हा बांधायला तोच गेला होता. ‘माझा!’ म्हटल्यावर चेंडूखाली तोच होता. रोनाल्डोनं बाहेर मारला तेव्हा ‘चालेल, पुढचा घे’ तोच म्हणाला होता. तुम्हाला तो दिसला नाही, कारण तुम्ही चिंचेकडे गेलेल्या चेंडूकडे बघत होता.

तेव्हा पुढच्या चाचणीला जाणाऱ्या होतकरूंनो, नखं कापून जा, दाखल्याची झेरॉक्स दोन प्रतींत न्या, आणि शेजारी उभ्या राहिलेल्या पाच जणांची नावं पहिल्या सर्व्हिसआधी विचारून घ्या. सर्व्हिस आत टाका, चेंडू हातानं उचला, गुडघ्यांत वाका. उंची आईबापांच्या हातात होती आणि यादी सरांच्या हातात आहे. तुमच्या हातात तीनातला एक स्पर्श आहे, तो पुढच्याला सोपा जाईल असा करा.